विचारा, सांगतो : बोडीकाठचं हिरवं गवत अन् लिव्हर फ्लूक

पाऊस सरला की बोडी, तलाव हळूहळू मागे सरकतात अन् जो ओला पट्टा, म्हणजे गाळपेरा, उघडा पडतो तिथे मस्त लुसलुशीत गवत येतं, बाकी पड्या वाळत चाललेल्या असतात म्हणून गुराखी सगळी ढोरं तिकडेच नेतो. या वेळच्या पत्रांमधले बहुतेक प्रश्न त्याच पट्ट्यातून आलेत, म्हणून यावेळी कोंबड्या आणि गोचिडांचे प्रश्न बाजूला ठेवले, ते पुढच्या अंकात.

प्रश्न (मौदा) : डॉक्टरसाहेब, आमच्याकडं दोन म्हशी अन् एक गाय हाय. मोठी म्हैस पावसाळ्यापासून खंगतच चालली. खाते बरोबर पण अंगाला लागत नाही, दूध अर्ध्यावर आलं. आता जबड्याखाली पाणी भरल्यासारखं सुजते, संध्याकाळी चरून आली की जास्त दिसते, सकाळी उतरते. जंताचं इंजेक्शन दिलं, मंग गोळी बी दिली, काहीच फरक नाही. काहून असं? जंत नसतीलच का?

उत्तर : भाऊ, जंत असण्याची शक्यता भरपूर आहे, औषध मात्र दुसऱ्याच जंताचं गेलं. तुम्ही रिकाम्या पाकिटांचे फोटो पाठवले ते बरं केलं. इंजेक्शन आयव्हरमेक्टिनचं आहे, गोळी फेनबेंडॅझोलची. दोन्ही औषधं चांगली, पण ती गोलकृमींसाठी. लिव्हर फ्लूक हा चपटा, पानाच्या आकाराचा कृमी आहे आणि नेहमीच्या डोसमध्ये ही दोन्ही औषधं त्याला काही करत नाहीत. मेडिकलवर जाऊन नुसतं 'जंताचं औषध द्या' म्हटलं की दुकानदार जे जास्त खपतं ते देतो, त्याचाही दोष नाही, तुम्ही कोणता जंत ते सांगितलंच नाही ना.

आता हा कृमी म्हशीत गेला कसा ते नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आपल्याकडे मैदानी भागात जो सापडतो तो फॅसिओला जायगँटिका, हिमालयाकडच्या थंड भागात त्याचा भाऊ फॅसिओला हेपॅटिका असतो. आपला जायगँटिका मोठा, वाढला की सात सेंटीमीटरपर्यंत जातो, म्हणजे तुमच्या बोटाएवढा, आणि यकृतातल्या पित्तनळ्यांमध्ये बसून रक्त पितो. त्याची अंडी पित्तातून आतड्यात, तिथून शेणात. शेण कोरड्यावर पडलं तर अंडं वाळून मरतं, गोष्ट संपली. शेण पाण्यात पडलं, म्हैस तर पाण्यातच बसते अन् पाण्यातच शेण टाकते, तर दोनतीन आठवड्यांत अंड्यातून एक अळी निघते जी डोळ्याला दिसतही नाही. तिच्याजवळ जेमतेम एक दिवस असतो, तेवढ्यात तिला एका विशिष्ट जातीची पाण्यातली गोगलगाय सापडली पाहिजे, नाही सापडली तर ती मेली. सापडली तर ती गोगलगायीच्या अंगात घुसते आणि तिथं एकाचे शेकडो होतात, दीडदोन महिन्यांनी किंवा थोड्या जास्त काळानं शेपटीवाल्या अळ्या बाहेर पडतात, पोहत जाऊन पाण्याच्या पातळीशी असलेल्या गवताच्या, धानाच्या काडीला चिकटतात, शेपटी टाकून देतात आणि कवच करून बसतात. तेवढं गवत म्हशीनं खाल्लं की झालं. आतड्यात कवच फुटतं, पिल्लू आतड्याची भिंत फोडून पोटाच्या पोकळीतून थेट यकृतात शिरतं, कित्येक आठवडे यकृत पोखरत फिरतं आणि मग पित्तनळीत जाऊन बसतं. गवत खाल्ल्यापासून शेणात अंडी दिसायला तीन ते चार महिने लागतात.

जबड्याखालची सूज यामुळेच. रक्त जातं, यकृत बिघडतं, रक्तातलं प्रथिन घसरतं, मग पाणी रक्तवाहिनीतून बाहेर झिरपतं आणि मान खाली घालून दिवसभर चरल्यावर ते जबड्याखाली उतरतं. रात्री मान वर असते म्हणून सकाळी कमी. पण एक सांगून ठेवतो, म्हशीनं तार किंवा खिळा गिळला आणि तो हृदयाजवळ गेला तरी सूज येते. त्यात सूज पोळीत म्हणजे छातीखाली जास्त उतरते, सकाळी ओसरत नाही, मानेची शीर दोरीएवढी फुगून दिसते, जनावर कोपरं बाहेर काढून उभं राहतं आणि उतारावर चालायला कुरकुरतं. तसं काही वाटलं तर जंताचा विचार सोडा अन् त्याच दिवशी डॉक्टरला बोलवा.

शेण तपासून घ्या. ताजं शेण, जमिनीवरचं नाही, दोन चमचे स्वच्छ डबीत, त्याच दिवशी दवाखान्यात. नागपूरकडे येणं होत असेल तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात द्या. आणि तिथं सांगा की फ्लूकसाठी बघायचंय, कारण फ्लूकची अंडी जड असतात, मिठाच्या पाण्यावर तरंगवायच्या पद्धतीत ती वर येत नाहीत, तळाला बसवून बघावी लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या रंगात ती सोनेरी पिवळी उठून दिसतात, एका टोकाला छोटं झाकण असतं. अँफिस्टोमची, म्हणजे पोटातल्या दुसऱ्या चपट्या कृमीची अंडी जवळपास तेवढीच असतात पण पाण्यासारखी रंगहीन. रिपोर्टवर नुसतं 'जंत निगेटिव्ह' लिहून आलं तर कोणत्या पद्धतीनं बघितलं ते विचारायला लाजू नका.

औषध डॉक्टरच्या चिठ्ठीनंच, पण नावं माहीत असावीत. ऑक्सिक्लोझॅनाइड, बऱ्याचदा लेव्हामिसोलसोबत एकत्र मिळतं, ते पित्तनळीत पोचलेल्या मोठ्या फ्लूकला मारतं, यकृतात फिरणाऱ्या पिल्लांना नाही. ट्रायक्लाबेंडॅझोल मात्र अगदी लहान पिल्लांनाही मारतं, गाईम्हशीला किलोला १२ मिलिग्रॅम असा डोस असतो. वजन अंदाजानं सांगू नका, आपण सगळेच म्हशीचं वजन कमी सांगतो आणि डोस कमी पडतो. खांद्याच्या टोकापासून बसण्याच्या हाडापर्यंतची लांबी अन् छातीचा घेर इंचात मोजा, घेर गुणिले घेर गुणिले लांबी करून ६६० नं भागा, वजन किलोत येतं. घेर ७० अन् लांबी ५५ असली तर साधारण ४०८ किलो. म्हैस अशक्त आहे, तेव्हा औषधाबरोबर ढेप, मिनरल मिक्स्चर चालू ठेवा, यकृत भरून यायला वेळ लागतो, आठ दिवसांत दूध वाढलं नाही म्हणून औषध फेल गेलं असं समजू नका.

प्रश्न (रामटेक तालुका) : माझ्या बकऱ्या तलावाच्या गाळपेऱ्यात चरतात. दिवाळीनंतर दोन बकऱ्या एकाएकी मेल्या, आदल्या दिवशी चरून आल्या होत्या. कापून बघितलं तर पोटात रक्ताचं पाणी अन् कलेजी काळीठिक्कर, चिरे पडल्यासारखी. बाकी बकऱ्यांच्या लेंड्या तपासल्या तर रिपोर्ट निल. मग कशानं मेल्या?

उत्तर : कापून बघितलंत हे फार मोठं काम केलंत, पुष्कळ लोक नुसती पुरून टाकतात अन् मग कोणी करणी केली वगैरे सुरू होतं. तुम्ही लिहिलंय ते वर्णन कोवळ्या फ्लूकच्या हल्ल्याला बरोबर जुळतं. थोड्या दिवसांत खूप सारी पिल्लं एकदम यकृतात शिरली की यकृत फाटतं, आत रक्तस्राव होतो आणि बकरी-मेंढी धडधाकट दिसता दिसता मरते. म्हशीत, गाईत हे क्वचित, त्या सोसतात आणि झिजत जातात.

रिपोर्ट निल येण्याचं कारण वरच्या उत्तरात आलंच आहे, यकृतात फिरणारं पिल्लू अंडी घालत नाही. म्हणून ऐन मरतुकीच्या वेळी लेंड्या चोख आणि कळप मरतोय असं होतं. तुमच्या कळपाला निल रिपोर्टवर विसंबून थांबू नका, डॉक्टरला मेलेल्या बकरीच्या कलेजीचा फोटो दाखवा आणि पिल्लांवर चालणारं औषध मागा. बकरीला ट्रायक्लाबेंडॅझोल किलोला १० मिलिग्रॅमच्या आसपास देतात. इथं मोठ्या फ्लूकवालं औषध दिलं तर बकऱ्या औषध पिऊनही मरतील.

क्लोझँटेल नावाचं एक औषध गावोगाव मिळतं, रक्त पिणाऱ्या गोलकृमीवर आणि थोड्या वाढलेल्या फ्लूकवर चांगलं चालतं. पण बकरी-मेंढीत त्याचा डोस जास्त झाला तर डोळ्याची नस जाते अन् जनावर कायमचं आंधळं होतं. सगळ्या कळपाला एकाच मापानं, लहान पाटीलाही (कोवळ्या बकरीलाही) बोकडाएवढंच, असं पाजू नका.

आणि चराई बदला. गाळपेऱ्यातून कळप आजच वर काढा. औषध आज दिलं अन् उद्या परत तिथंच सोडलं तर उद्यापासून नवीन पिल्लं आत, ट्रायक्लाबेंडॅझोल काही महिनाभर शरीरात राखण करत बसत नाही. जंगलाकडचा कोरडा माळ असेल तर तिथं न्या, पोट कमी भरेल, पाला तोडून घाला. बकरी तशीही पाला खाणारं जनावर, तिला गवतात आपण उतरवतो.

प्रश्न (कुही) : आमच्याकडं धान निघालं की वर्षभर ढोरांना तणीस, म्हणजे धानाचा पेंढा. कोणीतरी म्हणालं तणसीतून बी हा किडा येतो. मग ढोरांना खाऊ काय घालायचं?

उत्तर : तणीसच घाला. धान पाण्यात उभं असतं, त्यामुळे काडीचा जो खालचा भाग पाण्यात होता त्यावर कवचं चिकटलेली असू शकतात, हे खरं. पण हे कवच ओलाव्यात जगतं आणि कडक उन्हात, कोरड्यात मरतं. आपल्याकडे कापणीनंतर कडपा बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पडून वाळतात, मग पुंजणं, मग मळणी, मग तणसीचा ढीग, तोवर बराच काळ जातो. चांगली वाळलेली, दोनतीन महिने जुनी तणीस मी बिनधास्त घालीन. धोका दोन ठिकाणी : कापल्या कापल्या ओली हिरवी तणीस ढोरापुढे टाकली तर, आणि ढिगाच्या तळाशी जिथं बांधीचं पाणी लागून ओल राहते तिथली. इंडोनेशियाच्या भातपट्ट्यात याच रोगासाठी शेतकऱ्यांना सांगतात की नवीन पेंढा द्यायचाच असेल तर काडीचा वरचा भागच द्या किंवा सलग तीन दिवस उन्हात पसरून मग द्या. आपल्यालाही तेच लागू, ऊन तर आपल्याकडे फुकट आहे.

खरा धोका तणसीपेक्षा कापणीनंतरच्या बांधीत आहे. धान निघालं की गावची सगळी ढोरं बांध्यांमध्ये मोकळी सुटतात, खुंटं जमिनीलगत खातात, तोच भाग पाण्याशी होता. पेंचच्या नहराचं पाणी जिथं उन्हाळी धानाला मिळतं तिथं तर गोगलगायीला कोरडा काळच मिळत नाही, वर्षभर चक्र चालू. बांधी पूर्ण वाळून भेगा पडल्यावर ढोरं सोडा, त्याआधी नको. आणि ताजं शेण, गोठ्याचं धुतलेलं पाणी बांधीत सोडू नका, उकिरड्यावर कुजू द्या, कुजताना जी गरमी तयार होते त्यात अंडी मरतात.

प्रश्न (हिंगणा) : गोगलगायीच मारून टाकल्या तर? मराठवाड्यात सोयाबीनवर गोगलगायी आल्या तेव्हा ज्या गोळ्या टाकल्या त्या आमच्या तलावात टाकल्या तर चालतील का?

उत्तर : अजिबात नको दादा. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन खाल्लं ती जमिनीवरची मोठी शंखी गोगलगाय, आफ्रिकन जात, तिचा अन् लिव्हर फ्लूकचा काही संबंध नाही. त्या गोळ्यांमध्ये मेटाल्डिहाइड असतं, ढोरानं किंवा कुत्र्यानं खाल्लं तर झटके येऊन मरतं. बांधावर टाकली तरी जपून टाकायची वस्तू ती, पाण्यात तर नाहीच.

आपली आरोपी आहे लिम्निया. ओळखायची असेल तर रबरी बूट अन् हातमोजे घालून उथळ पाण्यातलं शेवाळ, पानांच्या खालची बाजू बघा, पारदर्शक चिकट लाळेच्या पट्टीत ठिपके ठिपके दिसले तर ती तिची अंडी. शंख उचला, टोक वर धरा, तोंड आपल्याकडे करा. तोंड उजव्या हाताला उघडतं, शंख पातळ, पिवळसर तपकिरी, बोटात दाबला तर फुटेल असा, तोंड मोठं पसरट अन् टोक आखूड, आणि तोंडावर झाकण नाही : लिम्निया. शंख चपटा जिलबीसारखा वेटोळा असेल तर ती इंडोप्लानॉर्बिस, तिचा उपद्व्याप वेगळा, खाली येतोच. आणि जाडजूड, गोल, तोंडाला घट्ट झाकण असलेले मोठे शंख असतात ना, जे कितीतरी लोक शिजवून खातात, ते या प्रकरणात निर्दोष, उगाच मारू नका.

मोरचूद टाकून गोगलगायी मारायची पद्धत जुनी आहे, मरतात त्या, पण मासेही मरतात. मामा (माजी मालगुजारी) तलावात ढिवर बांधवांचा मासेमारीचा ठेका असतो, तुमच्या दोन म्हशींसाठी त्यांचं वर्षाचं पोट माराल का? आणि पुढच्या पावसाळ्यात नाल्यातून नवीन गोगलगायी परत येणारच. बदकं पाळा, गोगलगायी आवडीनं खातात, नायनाट नाही होणार पण कमी होतील. माझ्या मते पैसा लावायचाच तर हातपंपाजवळ सिमेंटच्या हौदाला लावा, ढोराला तिथं पाणी द्या आणि तलावाच्या ज्या काठावर ढोरं उतरतात तिथं काटेरी झुडपं टाकून रस्ता बंद करा. हौदाभोवती चिखल होऊ देऊ नका मात्र, नाहीतर हौदाखालीच नवीन लिम्निया.

प्रश्न (नागपूर शहर) : रविवारी कलेजी आणली, धुताना त्यातून पानासारखे दोन किडे निघाले. सगळी फेकून दिली. आधी किती वेळा न बघता खाल्ली असेल, मुलांना काही होईल का?

उत्तर : ताई, शिजवलेल्या कलेजीतून लिव्हर फ्लूक माणसाला होत नाही. माणसाला तो ढोरासारखाच होतो, पाण्यातल्या भाजीपाल्यावरचं कवच कच्चं पोटात गेल्यानं. इराणच्या गिलान प्रांतात १९८९ च्या सुमारास हजारो लोकांना झाला होता, बोलिव्हियाच्या उंच पठारावर तर तो कायमचा मुक्कामी आहे. आपल्याकडे क्वचित. तलावातले शिंगाडे दातानं सोलायची सवय असेल तर सोडा, उकडून खा.

तुम्हाला जी वस्तू बघून खरं घाबरायला हवं ती वेगळीच आहे. कलेजीवर किंवा फुप्फुसावर पांढरट, पाणी भरलेले फुगे दिसले तर ते कुत्र्याच्या फीतकृमीचे. तेही ढोराच्या कलेजीतून थेट माणसाला होत नाहीत, पण तो फुगा गल्लीतल्या कुत्र्यानं खाल्ला की त्याच्या पोटात कृमी वाढतात, त्याच्या विष्ठेतली अंडी हातामार्फत मुलांच्या तोंडात जातात आणि मग माणसाच्या यकृतात तसाच फुगा होतो, ऑपरेशनपर्यंत जातं प्रकरण. म्हणून खराब कलेजी कुत्र्याला टाकू नका, पुरा किंवा जाळा. तुमच्या दुकानदारालाही सांगा, दुकानाबाहेर कुत्री ताटकळत बसलेली असतात ती उगाच नाही.

प्रश्न (भिवापूर) : बैल घोरतो. नाकातून शेंबूड, कधी रक्त. सर्दीचं औषध झालं. आणखी एक, आम्ही बोडीत उतरलो की पायाला खाज सुटते, त्याचा काही संबंध?

उत्तर : संबंध असू शकतो, आणि प्रश्न फार हुशारीचा आहे. नाकातल्या शिरांमध्ये राहणारा एक रक्तकृमी असतो, शिस्टोसोमा नेझेल, त्यानं नाकात फुलकोबीसारखी गाठ येते आणि श्वास घेताना घुर्र घुर्र आवाज येतो. म्हशीत तोच कृमी असून बहुतेक वेळा काही दिसत नाही, बैल मात्र घोरतो. याची गोगलगाय म्हणजे वर सांगितलेली चपटी इंडोप्लानॉर्बिस. फरक एवढाच की याच्या अळ्या गवतावर वाट बघत बसत नाहीत, पाण्यात उभ्या असलेल्या जनावराच्या कातडीतून सरळ आत शिरतात. तुमच्याही कातडीत शिरायला बघतात, तिथंच मरतात, अन् त्याची खाज येते. म्हणून बूट घालून उतरा. बैलाचा नाकाचा चिकट स्राव तपासायला द्या, त्यात बुमरँगसारखी वाकडी अंडी सापडली की निदान पक्कं, याचं औषध फ्लूकच्या औषधापेक्षा वेगळं असतं. गाडी करून नेणं जमत नसेल तर १९६२ वर फोन लावा, फिरता दवाखाना येतो.

प्रश्न (पारशिवनी) : गाय गाभण आहे, अल्बेंडॅझोल देऊ का? आणि दूध किती दिवस विकायचं नाही?

उत्तर : पहिल्या तीन महिन्यांत अल्बेंडॅझोल नको, गर्भाला धोका असतो. शिवाय ते फक्त मोठ्या फ्लूकवर आणि तेही जास्त डोसमध्ये चालतं. तुमच्या गायीला किती महिने झाले ते पत्रात नाही, डॉक्टरला तपासू द्या. दुधाचं म्हणाल तर प्रत्येक औषधाच्या बाटलीवर किती दिवस दूध वापरायचं नाही ते छापलेलं असतं, फ्लूकच्या काही औषधांना तर दुधाळ जनावरात मनाईच असते. म्हणून आमच्याकडचे जाणते लोक आटवणीच्या काळात हा डोस उरकून घेतात. बाकी ढोरांना एक डोस मे-जूनमध्ये पाऊस पडायच्या आधी, म्हणजे पहिल्या पुरात अंडी तलावात जाणार नाहीत, आणि दुसरा डिसेंबर-जानेवारीत, गाळपेऱ्यात जे खाल्लं असेल त्यासाठी. पोळ्याला सगळ्या गावाचे बैल एका जागी जमतात तेव्हा पुढच्या डोसची तारीख ठरवून टाका, एकाच्या ढोरांना औषध अन् शेजाऱ्याची तशीच त्याच बोडीत शेण टाकताहेत असं झालं तर खर्च वाया.